रोजचा आकडा आणि सुपारीची वाडी

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धन-दिवेआगरकडच्या सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. ३१ ऑगस्टला एप्रिल ते जून या तिमाहीचा अंदाज जाहीर झाला : देशाचे सकल उत्पादन आदल्या वर्षीच्या त्याच तिमाहीपेक्षा २३.९ टक्क्यांनी घटले होते. टाळेबंदीच्या त्या आकड्यात वादळ वेगळे दिसणे शक्यच नव्हते.

तिमाहीचा आकडा असा दोन महिन्यांनी येतो. तोवर थांबायचे नाही म्हणून अर्थशास्त्रज्ञ रोजचा वीजवापर, दरमहाची जीएसटी वसुली, औद्योगिक उत्पादनाचा निर्देशांक यांवरून चालू तिमाही ताडतात. एरिक गिझेल्स आणि सहकाऱ्यांची ‘मिडास’ पद्धत अशा आकड्यांची सरसकट सरासरी काढत नाही. ताज्या आणि जुन्या आकड्याला किती वजन द्यायचे, हे ती मागील अनुभवावरून ठरवते. त्यामुळे तिमाहीच्या अखेरीस आलेले वळण सरासरीत बुडत नाही. हा तिचा खरा गुण.

माझा आक्षेप गणितावर नाही, त्यात काय घातले जाते यावर आहे. रायगडातून दरमहा ठळक आकडा निघतो तो न्हावा-शेव्याच्या बंदराचा. पण तिथल्या कंटेनरांत उत्तर भारतातला मालही असतो. श्रीवर्धनच्या वाडीची खबर त्यात नाही. विजेचा रोजचा आकडा राज्याचा. त्यात एक तालुका अंधारात गेला तरी कळत नाही. जिल्ह्याच्या उत्पन्नाचा अंदाज मात्र वर्षातून एकदाच.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. सकल उत्पादनातून पडलेले झाड वजा होत नाही. वजा होते ते न आलेले पीक. नवे रोप धरायला पाच-सात वर्षे लागतात, म्हणजे तोटा तितकी वर्षे थोडा थोडा झिरपत राहतो. उलट उडालेल्या छपरासाठी घेतलेले पत्रे लगेच कर भरतात. महिन्याच्या आकड्यात दुरुस्तीची लगबग दिसते, वाडीचे नुकसान दिसत नाही.

म्हणून या पद्धती टाकाव्यात असे नव्हे. पण मदतीचा निर्णय घेताना त्यांच्या शेजारी तलाठ्याचा पंचनामा ठेवला पाहिजे. जे वारंवार मोजले जाते तेच महत्त्वाचे, असे अंदाज म्हणत नाही. तो वाचणारे आपण तसे समजतो.