'गोमटे' : अर्थ आणि अर्थभ्रंश

प्राचीन काव्यातील अपरिचित शब्दासाठी विद्यार्थी कोश उघडतो. ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दासाठी तो उघडत नाही. 'गोमटे' हा या दुसऱ्या प्रकारचा शब्द होय. नांदेड व लातूर येथील पदव्युत्तर वर्गांत प्रस्तुत लेखकाने त्याचा अर्थ वेळोवेळी विचारला आहे, आणि बहुधा सर्वांत आधी येणारे उत्तर 'गोरे' हे आहे. ज्याचे वर्णन चालले आहे ते एखादे वचन किंवा कर्म असले तरी हे उत्तर बदलत नाही. वचनाला वर्ण कसला, असे विचारताच वर्गात हशा पिकतो. पण दोष विद्यार्थ्यांच्या माथी मारणे उचित नव्हे. शब्दार्थांच्या टिपांतून 'गोमटे म्हणजे सुंदर' एवढाच पर्याय त्यांच्या हाती पडलेला असतो. आणि सुंदरापासून गोऱ्यापर्यंतचे अंतर आपला समाज किती त्वरेने तोडतो, हे वधूवरांच्या जाहिराती वाचणाऱ्यास सांगावयास नको.

वस्तुतः ज्ञानेश्वरीत आणि पुढील संतवाङ्मयात हा शब्द रूपाच्या वर्णनात येतो तसाच हिताहिताच्या विवेचनातही येतो. तेथे त्याचा प्रतियोगी शब्द 'वोखटे', म्हणजे वाईट, हा आहे. 'काळे' हा नव्हे. हा अर्थ केवळ कवींपुरता होता असेही नाही. सतराव्या शतकातील मराठी पत्रव्यवहारात एखाद्याचे 'गोमटे करणे' म्हणजे त्याचे भले करणे, त्यास ऊर्जितावस्थेस आणणे. दरबारी गद्यात रुळलेला हा वाक्प्रयोग ध्यानी घेतला म्हणजे 'गोमटे'ला निव्वळ सौंदर्यवाचक मानणारी टीप किती अपुरी आहे हे उघड होते.

हा अर्थ हरपला कसा? आमच्या मते त्यास दोन कारणे घडली. 'वोखटे' किंवा 'ओखटे' हा शब्द नित्याच्या बोलण्यातून मागे पडला व त्याची जागा 'वाईट'ने घेतली. जोडीदार गेल्यामुळे 'गोमटे'ची नैतिक बाजू निराधार झाली. दुसरे कारण 'गोरागोमटा' या जोडशब्दाचे. मराठीत 'साधाभोळा' यासारख्या जोडशब्दांत दोन्ही पदे आपापला अर्थ राखून असतात. उलट 'साधासुधा' यात 'शुद्ध' पासून आलेले 'सुधा' हे पद स्वतंत्रपणे कोणी वापरत नाही, ते पहिल्या पदाचा प्रतिध्वनी होऊन राहिले आहे. 'गोरागोमटा' हा मुळात पहिल्या वर्गातील शब्द, म्हणजे गोरा आणि शिवाय देखणा. 'गोमटा' एकटा वापरातून जाताच तो दुसऱ्या वर्गात ढकलला गेला, आणि प्रतिध्वनीने मूळ ध्वनीचाच अर्थ उचलला.

'चांगला' या शब्दाने नेमका उलटा प्रवास केला आहे. हेमचंद्राच्या देशीनाममालेत 'चंग' म्हणजे चारु, सुंदर. आज मात्र चांगल्या माणसाचे रूप कोणी विचारीत नाही. एक शब्द रूपाकडून गुणाकडे गेला, दुसरा गुण टाकून रूपापाशी थांबला. दोहोंत भाग्यवान कोण, हे सांगणे न लगे.

'गोमटे'चे एक नाते कन्नड प्रदेशाशीही जोडले जाते. लातूरच्या वाचकास त्याचे नवल वाटू नये. राष्ट्रकूट स्वतःस ज्या लट्टलूरचे स्वामी म्हणवीत ते लातूर असे सामान्यतः मानले जाते, आणि उदगीर-देगलूरच्या पट्ट्यात मराठी व कन्नड यांचा शेजार आजही नांदतो. श्रवणबेळगोळ येथील बाहुबलीची सुमारे 57 फुटी मूर्ती चामुंडरायाने दहाव्या शतकाच्या अखेरीस घडविली. तिचे 'गोम्मटेश्वर' हे नाव कोठून आले? आ. ने. उपाध्ये यांच्या मते 'गोम्मट' हे चामुंडरायाचेच घरगुती नाव होते व ते मराठी-कोंकणीतील 'गोमटे' याच शब्दाचे रूप होय. नेमिचंद्राच्या 'गोम्मटसार' या ग्रंथाचे नावही त्यावरूनच पडले. गोविंद पै यांनी हे नाव 'मन्मथ' शब्दापासून आणले. बाहुबली कामदेवासारखा सुंदर, म्हणून ही कल्पना मोहक आहे खरी. परंतु 'मन्मथ'चे प्राकृतातील प्रसिद्ध रूप 'वम्मह' असे आहे. त्यातून आरंभीचा 'ग' निघणे ध्वनिनियमांस सोडून आहे. उपाध्यांचा पक्षच आम्हांस ग्राह्य वाटतो, जरी 'गोमटे'च्या मुळाचा प्रश्न त्यानेही सुटत नाही.

पाठ्यपुस्तकांच्या संपादकांस एवढीच विनंती की, या शब्दाच्या टिपेत 'चांगले, हितकर' हा अर्थ आधी द्यावा. 'सुरेख' हा रूपाच्या संदर्भापुरता त्यानंतर द्यावा. 'गोरे' मुळीच देऊ नये. देवाच्या रूपाचे वर्णन असेल तेथे मात्र एकाच अर्थाची निवड करण्याची घाई नसावी. सावळ्या विठ्ठलाच्या भक्ताला देखणेपण आणि भलेपण ही वेगळी करून पाहण्याची गरज भासली असेल असे वाटत नाही, आणि त्याच्या शब्दानेही ती वेगळी केलेली नाहीत.