अजिंठ्याची भिंत उचलता येत नाही

7 मे 2025 ला देशभर नागरी संरक्षणाच्या मॉक ड्रिल झाल्या. तेव्हा भोंगे, ब्लॅकआऊट, माणसं कशी हलवायची, यावर आपण सगळेच बोललो. संग्रहालयांचं काय, हे फारसं कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी उत्तर तयार होतं: वस्तू सुरक्षित जागी हलवा. दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या नॅशनल गॅलरीनं चित्रं वेल्समधल्या खाणीत नेली. पॅरिसच्या लूव्रनं तर युद्ध जाहीर होण्याआधीच पेट्या भरायला घेतल्या. ही उदाहरणं आपल्याला पाठ आहेत, आणि आमचा आक्षेप या पाठांतरालाच आहे. आपण छत्रपती संभाजीनगरात बसलोय. इथून शंभरेक किलोमीटरवरची अजिंठ्याची चित्रं पेटीत भरता येत नाहीत.

भिंत कापून नेण्याचा प्रयोगही झालाय, बरं का. मध्य आशियातल्या बेझेक्लिकच्या लेण्यांतली बौद्ध चित्रं जर्मन मोहिमेनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कापली आणि बर्लिनला नेली. मोठी चित्रं तिथल्या संग्रहालयाच्या भिंतींत पक्की बसवली. युद्ध आलं तेव्हा ती पुन्हा निघेनात, आणि बॉम्बहल्ल्यांत गेली. वाळवंटात हजारेक वर्षं टिकलेली चित्रं संग्रहालयात चाळीस वर्षंच टिकली.

मग राहिल्या नकला. इथे आपलाच इतिहास बघण्यासारखा आहे. रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्यानं 1840 च्या दशकापासून वर्षानुवर्षं अजिंठ्यात बसून नकला केल्या. त्या लंडनला पाठवल्या, आणि 1866 मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक जळाल्या. पुढे जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांनी 1872 पासून तेच काम नव्यानं केलं. ते कुठे पाठवलं? पुन्हा लंडनला! 1885 मध्ये साऊथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात आग लागली आणि त्यातल्याही पुष्कळ नकला गेल्या. जपानी चित्रकार अराई काम्पो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या नकला टोकियोच्या विद्यापीठात होत्या. 1923 च्या भूकंपात त्या संपल्या.

तिन्ही वेळा युद्ध नव्हतं. तिन्ही वेळा नकला दूरच्या, भरवशाच्या वाटणाऱ्या एकाच जागी गेल्या. लंडन म्हणजे सुरक्षित, हे तेव्हा इतकं गृहीत होतं की पहिल्या आगीनंतरही कुणाला वेगळं सुचलं नाही. गिलला दोष द्यावासा वाटत नाही, त्यानं आयुष्य घातलं. दोष एकच प्रत करून निर्धास्त होणाऱ्यांचा. इकडे मूळ चित्रंही झडतच होती. त्यामुळे उरलेल्या नकलांत आणि जुन्या फोटोंत आज असे तपशील दिसतात, जे भिंतीवर आता नाहीत.

हलवता येत नाही तिथे काय करता येतं? 1943 च्या ऑगस्टमध्ये मिलानला बॉम्ब पडले. लिओनार्दोच्या 'शेवटच्या भोजना'च्या दालनाची एक भिंत आणि छत कोसळलं. चित्राची भिंत वाळूच्या पोत्यांनी आणि आधाराच्या सांगाड्यानं तगली. पादुआत 1944 मध्ये मान्तेन्याच्या भित्तिचित्रांचा मात्र चुरा झाला. लोकांनी तुकडे वेचून ठेवले, आणि कितीतरी वर्षांनी संगणकाच्या मदतीनं त्यांची जागा ठरवली. कशावरून? बॉम्ब पडण्याआधी काढलेल्या फोटोंवरून! फोटो नसते तर ते नुसतं भंगार होतं.

युद्धकाळातल्या वारशासाठी 1954 चा हेग करार आहे, भारतानं तो 1958 मध्ये मान्य केला. तो हवाच. पण शांततेच्या काळात करायची तयारी त्यात सांगितली आहे, आणि ती आपल्याकडे सरकारी भाषेत 'नंतर बघू' या खात्यात जाते. आपल्या भागातल्या लहान संग्रहालयांत तर हातानं लिहिलेली नोंदवही हाच वस्तूचा एकमेव पुरावा असू शकतो. वस्तू चोरीला गेली, जळाली, पळवली गेली, तर ती आपली होती हे सांगायला दुसरं काय आहे?

तेव्हा एक करा. पुढच्या वेळी कुठल्याही संग्रहालयात गेलात, की तिथल्या माणसाला अदबीनं विचारा: नोंदवहीची दुसरी प्रत आहे का, आणि ती याच इमारतीत तर नाही ना?