अरुण खोपकर : पडद्याआधी पान

गोंदियात राहून अरुण खोपकरांची ओळख करून घ्यायची, तर ती उलट्या क्रमानं होते. आधी पुस्तकं भेटतात, चित्रपट फार मागाहून. 'गुरुदत्त : तीन अंकी शोकांतिका' मी वाचलं, तेव्हा कथानक सांगून झालं की समीक्षा संपली, अशा लेखनाची आपल्याकडे सवय होती. खोपकर विचारतात वेगळंच : प्रकाश कुठून येतो? कॅमेरा चेहऱ्याजवळ केव्हा जातो? 'प्यासा', 'कागज के फूल' आणि 'साहिब बीबी और गुलाम' हे तीन अंक. ज्या मेलोड्रामाला अभिरुचीवाले नाक मुरडतात, त्याला ते रीतसर कलारूप मानून तपासतात. मराठीत हे धाडसच होतं.

ही नजर नुसत्या वाचनातून आलेली नाही. मणी कौल यांच्या 'आषाढ का एक दिन'मध्ये (१९७१) खोपकर कालिदास होते. संवाद आधी ध्वनिमुद्रित करून चित्रीकरणाच्या वेळी वाजवले गेले. आवाजाचा आधार असा काढून घेतल्यावर नटाकडे उरतं काय? उभं राहणं, वळणं, थांबणं. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकताना त्यांनी 'तीव्र मध्यम' केला. त्यात स्मिता पाटील होत्या. शीर्षक स्वराचं, हे लक्षात घ्यावं.

पुढे लीला सॅमसन यांच्या भरतनाट्यमवर 'संचारी', जहांगीर साबावालांवर 'कलर्स ऑफ ॲब्सेन्स', चार्ल्स कोरियांवर 'व्हॉल्यूम झीरो'. नृत्य, चित्र, वास्तू : प्रत्येक वेळी दुसऱ्या कलेच्या घरी जाऊन तिचं व्याकरण शिकायचं. यांतला दिग्दर्शक आणि शिक्षक मला वेगळे काढता येत नाहीत. मात्र गोगोलच्या कथेवरचा 'कथा दोन गणपतरावांची' पाहताना वाटतं, रचना पात्रांना जरा घट्टच धरून ठेवते. प्रभावळकर आणि आगाशे असूनही भांडण हवं तसं मोकाट सुटत नाही.

'नारायण गंगाराम सुर्वे' या चित्रपटाचं नावच पाहा. गिरणी कामगार गंगारामनं उचलून आणलेलं पोर. मधलं नाव जन्मानं नव्हे, मायेनं मिळालेलं. आपण रोज 'नारायण सुर्वे' म्हणतो आणि तो बाप गाळतो. खोपकरांनी त्याला नामावलीत परत बसवलं. दोन प्रतिमांच्या मध्ये तिसरी ठेवली की अर्थ बदलतो, हे आयझेन्स्टाइनच्या या अभ्यासकाला कुणी सांगायला नको.

'चलत्-चित्रव्यूह'ला २०१५चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, पुस्तक सगळीकडे पोचलं. चित्रपटांना मात्र अजून महोत्सवाची, नाहीतर कुणा ओळखीच्याची वाट पाहावी लागते. आमच्या जिल्ह्यातल्या मराठीच्या विद्यार्थ्याला सुर्वे अभ्यासक्रमात भेटतात. त्यांच्यावरचा हा चित्रपट त्याच वर्गात, त्याच तासाला दाखवायला काय हरकत आहे?