बरोबर चाललेली आज्ञा, चुकलेला हिशोब

मागच्या महिन्यात माझ्या लॅपटॉपवरच्या एआय एजंटने आमच्या घरच्या केळीतले १४ क्विंटल गायब केले. कुठे एरर आला नाही, काही बंद पडलं नाही. एजंटने आज्ञा दिली, आज्ञा चालली, उत्तर आलं: २५ क्विंटल. खरा आकडा होता ३९.

आज या चुकीच्या निमित्ताने माझ्या विषयातल्या एका गाजलेल्या संशोधनाबद्दल थोडी तक्रार करायची आहे. आधी प्रकार काय झाला ते सांगतो.

आमची केळी यावल तालुक्यात. काढणीच्या दिवसांत कोणत्या बागेतून किती माल गेला, कोणत्या मजुराला किती उचल दिली, हे काका वहीत लिहायचे. मी त्यांच्यासाठी एक साधं अँड्रॉइड ॲप बनवलं. बाग, तारीख, वजन, मजूर, उचल, एवढंच. शेतात रेंज नसते, म्हणून सगळा डेटा फोनमध्येच राहतो, एसक्यूलाइटमध्ये.

एसक्यूलाइट म्हणजे एका फाइलीत मावणारा डेटाबेस. रिचर्ड हिप यांनी तो २००० साली बनवला आणि सगळ्यांसाठी खुला केला. वेगळा सर्व्हर लागत नाही, म्हणून तो प्रत्येक अँड्रॉइड फोनात आणि आयफोनात असतो. तुमच्या खिशात आत्ता त्याच्या कितीतरी फाइली असतील.

आता एजंटला या फाइलीपर्यंत न्यायचं कसं? यूएसबी केबल लावायची. लॅपटॉपवरचं 'एडीबी' नावाचं साधन फोनशी बोलतं. ॲपच्या खाजगी फोल्डरमध्ये शिरायला 'रन-ॲज' ही आज्ञा लागते. ती फक्त डीबगसाठी बांधलेल्या ॲपवर चालते, आणि ॲप माझंच असल्याने ती अडचण नव्हती. बहुतेक विकतच्या फोनांत एसक्यूलाइटचं कमांड लाइन साधन नसतं, म्हणून फाइल लॅपटॉपवर आणायची आणि तिथे प्रश्न विचारायचे. या सगळ्या आज्ञा एजंट स्वतः लिहितो आणि चालवतो. मी फक्त मराठीत विचारलं, "कांदेबागेतून तीन दिवसांत एकूण किती माल गेला?"

उत्तर काकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "काय भो, मंगळवारची गाडी कुठे गेली मंग?"

मंगळवारची गाडी डेटाबेसमध्येच होती. सोमवार आणि बुधवारची वजनं माझ्या चुलतभावाने भरली होती, इंग्रजी आकड्यांत: बारा आणि तेरा. मंगळवारचं काकांनी स्वतः भरलं, मराठी कीबोर्डवरून, देवनागरी आकड्यांत: १४. वजनाचा रकाना मी आळस करून मजकूर म्हणून ठेवलेला. एसक्यूलाइटला बेरीज करायला सांगितली की ते मजकुरातून आकडा काढायचा प्रयत्न करतं, पण त्याला आकडे माहीत आहेत ते फक्त इंग्रजी. देवनागरी १४ त्याच्या लेखी शून्य. आणि हे शून्य ते मुकाट्याने धरतं. रकाना आकड्यांचा म्हणून जाहीर केला असता तरी फरक पडला नसता, कारण एसक्यूलाइट त्यातही मजकूर ठेवू देतं. कडक तपासणीची सोय २०२१ मध्ये आली, पण अँड्रॉइड १४ च्या आधीच्या फोनांत अंगचं एसक्यूलाइट त्याहून जुनं आहे.

सगळं उत्तर शून्य आलं असतं तर कुणीही थबकलं असतं. २५ हा आकडा पटण्यासारखा होता, हीच खरी गोम. काकांना मंगळवार आठवला नसता तर तोच आकडा व्यापाऱ्यापुढे गेला असता.

आता संशोधनाकडे येतो. साध्या भाषेतल्या प्रश्नावरून डेटाबेसची क्वेरी लिहिणं, या कामाची परीक्षा घेणारे दोन प्रश्नसंच गाजलेले आहेत. येल विद्यापीठातून २०१८ साली आलेला 'स्पायडर': १०,१८१ प्रश्न, २०० डेटाबेस. आणि २०२३ चा 'बर्ड': १२,७५१ प्रश्न, ९५ डेटाबेस, एकूण ३३.४ जीबी डेटा. दोन्हींचे डेटाबेस एसक्यूलाइटमध्येच मिळतात, म्हणून माझ्या कामाला ते जवळचे. बर्डचं मोठेपण आधी मान्य करायला हवं. स्पायडरमध्ये कोणता तक्ता कशाला जोडायचा यावर भर होता, तक्त्याच्या आत काय भरलंय याला फारसं महत्त्व नव्हतं. बर्डने मळका डेटा परीक्षेत आणला. त्या वेळी जीपीटी-४ ला ५४.८९ टक्के मिळाले आणि माणसांना ९२.९६. पोकळ गर्वाला हा चांगला चिमटा होता.

पण ही परीक्षा ज्या ठिकाणी सुरू होते तिथे माझी तक्रार सुरू होते. डेटाबेस आधीच हातात दिलेला असतो. तो फोनमधून आणायचा नसतो. बऱ्याच प्रश्नांना सोबत इशाराही असतो, अमुक शब्दाचा अर्थ या रकान्यात असा. कांदेबाग म्हणजे पावसाळ्यानंतर लावलेली आणि मृगबाग म्हणजे जूनच्या सुमारास लावलेली केळी, हा इशारा आमच्या घरी काकांच्या डोक्यात आहे, फाइलीत नाही. आणि गुण कशाला? तुमच्या क्वेरीचं उत्तर आदर्श क्वेरीच्या उत्तराशी जुळलं की गुण. "थांबा, यातली एक नोंद मला वाचता येत नाहीये" असं म्हणणाऱ्या एजंटला या हिशोबात जागाच नाही. शंका घेणाऱ्याला शून्य आणि बेधडक बोलणाऱ्याला निदान नशिबाची संधी, अशा परीक्षेला बसून तयार झालेला विद्यार्थी घरी येऊन २५ म्हणतो, यात नवल काय?

दुसरी बाजू कमांड लाइनची. तिथली जुनी रीत अशी की काम नीट झालं तर गप्प बसायचं. सरावलेल्या माणसाला ते सोयीचं असतं. एजंट मात्र त्या शांततेचा हवा तो अर्थ काढतो. प्रिन्स्टनमधून २०२४ साली आलेल्या 'एसडब्ल्यूई-एजंट'च्या संशोधकांनी हे ओळखलं होतं. आज्ञेने काहीच छापलं नाही, तर ती नीट चालली पण तिने काही छापलं नाही, असं त्यांची यंत्रणा एजंटला स्पष्ट सांगते.

डेटाबेसच्या बाबतीत एवढंही पुरत नाही. फाइलीचं नाव चुकलं तर एसक्यूलाइट तक्रार करत नाही. नवा, रिकामा डेटाबेस उघडून देतं. एजंट तक्त्यांची यादी मागतो, यादी रिकामी येते आणि तो सांगतो, "ॲपमध्ये अजून काही नोंदी नाहीत." तसंच फोनवर ताज्या नोंदी बऱ्याचदा मूळ फाइलीशेजारच्या 'वॉल' नावाच्या फाइलीत आधी लिहिल्या जातात आणि नंतर मुख्य फाइलीत मिसळतात. एजंटने फक्त मूळ फाइल आणली तर तुमच्या हातात कालचा डेटाबेस असतो, आणि तो अगदी निरोगी दिसतो.

आमचे गाईड म्हणाले, "मग प्रॉम्प्टमध्ये लिही ना, देवनागरी आकडे बघ म्हणून." लिहिलं, आणि ती चूक गेली. पण जी चूक कळली तिच्याबद्दलच लिहिता येतं. 'जळगाव' आणि 'जळगांव' ही दोन गावं झाली, ते पुढच्या आठवड्यात कळलं. 'शेतकऱ्या' मधला ऱ्य संगणकात दोन वेगळ्या तऱ्हांनी साठवला जातो, डोळ्यांना सारखाच दिसतो आणि एसक्यूलाइटला वेगळा वाटतो, हे त्याच्याही नंतर.

मग कमांड लाइन सोडून द्यायची का? अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये मांडलेला 'एमसीपी' हा दुसरा रस्ता आहे. त्यात प्रत्येक साधनाचं ठरावीक दार असतं. पण दार कितीही नीटनेटकं असलं तरी आत बेरीज तीच होणार. उलट कमांड लाइनचा एक गुण मला सोडवत नाही. एजंटने नेमकं काय विचारलं ते समोर दिसतं, आणि तीच ओळ मी स्वतः चालवून बघू शकतो. मंगळवारची गाडी मला तशीच सापडली.

म्हणून मी एजंट आणि एसक्यूलाइट यांच्यामध्ये एक छोटी स्क्रिप्ट बसवली आहे. ती वॉलसकट फाइल आणते. ती फाइल फक्त वाचण्यासाठी उघडते, म्हणजे नाव चुकलं तर एरर येतो. कोणतीही बेरीज दिली की सोबत सांगते, एकूण नोंदी इतक्या, आकडा म्हणून वाचता आल्या इतक्या. मजुरांची नावं आणि उचल ती एजंटला देतच नाही. मॉडेल दुसऱ्याच्या सर्व्हरवर चालतं आणि कुणाच्या अंगावर किती उचल आहे हे तिथे पाठवायची परवानगी मी कुणाला विचारलेली नाही.

आता तोच प्रश्न विचारला की उत्तर येतं: "२५ क्विंटल, पण तीनपैकी एक नोंद वाचता आली नाही." बर्डच्या परीक्षेत याला गुण मिळणार नाहीत, पण आमच्या घरी हेच उत्तर चालतं. काकांनी वही मात्र बंद केलेली नाही, आणि मीही आता तो आग्रह सोडला आहे.