टेबलावरचं आर्केड : नक्कल की रूपांतर?



आज ज्या खेळांविषयी बोलायचं आहे त्यांचा बहर जेमतेम तीन-चार वर्षांचा. साधारण १९८० ते १९८३. देश तीन : अमेरिका, जपान, ब्रिटन. त्या काळी आर्केडमध्ये, म्हणजे ज्याला आपण पुढे व्हिडिओ गेम पार्लर म्हणायला लागलो तिथे, माणसाच्या उंचीची यंत्रं उभी असायची. नाणं टाकायचं आणि खेळायचं. ताइतोचा 'स्पेस इन्व्हेडर्स' १९७८चा, नामकोचा 'गॅलेक्सियन' १९७९चा, 'पॅक-मॅन' १९८०चा, निन्टेन्डोचा 'डाँकी काँग' १९८१चा. ही धुडं काही घरी आणता येत नव्हती. मग खेळणी बनवणाऱ्या कंपन्यांनी वीतभर उंचीची प्लॅस्टिकची यंत्रं काढली. तशीच वर नावाची पाटी, तसाच तिरका पडदा, तसाच दांडा, बाजूला तशीच चित्रं. सेल घालायचे, टेबलावर ठेवायचं, की झालं आर्केड सुरू.

या यंत्रांबद्दल बोलणारे, लिहिणारे आणि ती जमवणारे लोक आज बरेच आहेत. पण त्यांचं बोलणं ऐकलं तर ते दोनच गोष्टींभोवती फिरतं. एक, आमच्या लहानपणी नाताळात हे मिळालं होतं. आणि दोन, आता याला काय किंमत येते. आठवण आणि भाव. खेळ म्हणून तो कसा आहे, यावर कोणी फारसं थांबत नाही.

इथे आपल्याला एक फायदा आहे, असं आम्हाला वाटतं. आमच्या पिढीच्या बहुतेक मराठी घरांत हे खेळ आलेच नाहीत. आयातीवर कडक बंधनं होती, आणि कोणाचा काका-मामा परदेशातून आला तरी त्याच्या बॅगेत यापेक्षा जास्त निकडीच्या वस्तू असायच्या. त्यामुळे ज्याला नॉस्टॅल्जिया म्हणतात तो आमच्यापाशी नाही. आम्ही हे खेळ हातात घेतले ते केस पिकायला लागल्यावर. समीक्षेसाठी ही बरी जागा आहे.

आता मुद्दा. या यंत्रांवरचा नेहमीचा आरोप असा की ही आर्केडची गरीब नक्कल होती. आकृत्या कमी, हालचाल तुटक, आवाज म्हणजे नुसतं टुकटुक. आरोपातली प्रत्येक गोष्ट खरी आहे. पण निष्कर्ष चुकीचा आहे, आणि तो का चुकतो हे कळायला पडद्याच्या आत जावं लागेल.

आर्केडमधल्या 'पॅक-मॅन'चा पडदा २२४ बाय २८८ ठिपक्यांचा. म्हणजे चौसष्ट हजारांहून जास्त ठिपके, आणि त्यातून हवं ते चित्र हव्या त्या जागी काढता येतं. टेबलावरच्या यंत्रांत बहुतेक वेळा असायचा तो व्हॅक्यूम फ्लुओरेसंट डिस्प्ले. व्हीएफडी म्हणू. तुम्ही तो पाहिलेला आहे : जुन्या व्हीसीआरवर निळसर हिरवे आकडे चमकायचे ना, तो. १९६७ साली जपानमध्ये इसे इलेक्ट्रॉनिक्सनं तो पहिल्यांदा आणला. एक सपाट काचेची कुपी, आतली हवा काढून टाकलेली. पुढच्या बाजूला केसांसारख्या बारीक तारा, त्या तापतात आणि इलेक्ट्रॉन सोडतात. मागे फॉस्फरचा लेप दिलेल्या आकृत्या. ज्या आकृतीला व्होल्टेज मिळेल ती उजळते. वेगळा फॉस्फर किंवा पुढे रंगीत पापुद्रा वापरला की लाल, निळा, हिरवा असे रंग मिळतात.

म्हणजे काय झालं? प्रत्येक आकृती कारखान्यातच ठरली. जिथे जिथे भूत दिसायला हवं तिथे तिथे एक भूत आधीच छापून ठेवायचं. खेळात भूत 'चालत' नाही. इथलं भूत विझतं, शेजारचं पेटतं. चालणं आपण आपल्या डोक्यात पुरं करतो. आणि एका जागी दोन आकृत्या एकमेकींवर छापता येत नाहीत, म्हणून डावीकडे तोंड की उजवीकडे, उघडं की मिटलेलं, अशा एकेका गोष्टीसाठी काचेवर जागा मोजून द्यावी लागते. चाळीतल्या दोन खोल्यांत सहा जणांचं बिऱ्हाड बसवण्यासारखंच ते काम.

मागची चिपही तशीच. त्या काळच्या हातातल्या खेळांत सर्रास वापरली गेलेली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीएमएस १००० घ्या. १९७८च्या 'सायमन'मध्ये तीच होती. ती चार बिटांची. सगळा प्रोग्रॅम १०२४ बाइटांत, आणि चालू खेळाची आठवण ठेवायला चार-चार बिटांचे चौसष्ट कप्पे, बस्स. कोलेकोनं आपल्या टेबलावरच्या यंत्रांत हिटाचीच्या चिपा वापरल्या, त्याही चार बिटांच्याच. आर्केडमधल्या 'पॅक-मॅन'मध्ये चार भुतांचे चार स्वभाव आहेत : लाल सरळ पाठीमागे लागतं, गुलाबी तुमच्या पुढच्या जागेचा अंदाज घेऊन आडवं येतं, वगैरे. हे सगळं जसंच्या तसं इथे कोंबणं शक्यच नव्हतं. काहीतरी टाकून द्यायलाच हवं होतं.

काय टाकायचं आणि काय राखायचं, हा निर्णय म्हणजेच त्या यंत्रामागची कला. हा प्रश्न मराठी माणसाला नवा नाही. आपल्या रंगभूमीवर रूपांतराची केवढी मोठी परंपरा आहे! 'ती फुलराणी' बघताना शॉच्या 'पिग्मॅलियन'मधलं लंडन कुठे गेलं म्हणून कोणी तक्रार करत नाही. पु. ल. देशपांड्यांनी नाटक इथल्या बोलीत उतरवलं; त्या बोलीत ते उभं राहतं का, एवढंच आपण बघतो. टेबलावरच्या आर्केडला हीच फूटपट्टी लावावी, असं आमचं म्हणणं आहे. मूळ किती शिल्लक राहिलं हे मोजत बसू नये. या काचेच्या आणि या चिपेच्या भाषेत खेळ उभा राहिला का, ते विचारावं.

ही फूटपट्टी लावली की काही मजेदार निकाल लागतात.

कोलेकोचा 'पॅक-मॅन' घ्या. १९८१चा. कोलेको ही मुळात कनेक्टिकट लेदर कंपनी, म्हणजे चामड्याच्या व्यवसायातून खेळण्यांकडे वळलेली. दिसायला त्यांचं यंत्र अगदी आर्केडच्या बाळासारखं. चार मध्यम जाडीचे सेल लागतात. नेहमीचा एकट्याचा खेळ त्यात आहेच, पण दोघांनी एकाच वेळी खेळायचाही एक प्रकार आहे. आर्केडमधल्या यंत्रावर दोन खेळाडू आळीपाळीनं खेळत. एकाचा डाव संपेपर्यंत दुसरा नुसता उभा. इथे दोघं एकाच वेळी त्या छोट्या पडद्यात डोकावतात, खांद्याला खांदा लागतो, एकमेकांना कोपरं बसतात. हे मूळ खेळात नव्हतं. घरात भावंडं असतात आणि भावंडांना वाट बघायला आवडत नाही, हे कोणाच्या तरी लक्षात आलं होतं. आमच्या मते या यंत्राची सगळ्यात चांगली गोष्ट हीच, आणि नेमकी ती नकलेच्या हिशेबात कुठेच धरली जात नाही.

त्यांचाच 'डाँकी काँग' मात्र आम्हाला पटत नाही. वरवर बघायला तो सगळ्यात देखणा. पण मूळ खेळाचा प्राण उडीत आहे : किती आधी उडी मारली, हवेत किती वेळ राहिलो, कुठे उतरलो. ठरीव आकृत्यांच्या पडद्यावर उडी म्हणजे खालचा माणूस विझणं आणि वरचा पेटणं. हवेतला वेळ गेला, उरलं नुसतं बटण दाबायचं टायमिंग. म्हणजे चाल तेवढी घेतली आणि ताना-हरकती सोडून दिल्या. तरी जुन्या वस्तूंच्या बाजारात याला मागणी भरपूर. डबा सुंदर आहे, नाव मोठं आहे.

सगळ्यात धाडसी म्हणाल तर 'झॅक्सन', १९८२चा. सेगाच्या मूळ खेळात विमान तिरप्या दृश्यात उडतं आणि उंची वर-खाली करता येते. ही उंची सपाट काचेत आणायची कशी? त्यांनी आत दोन व्हीएफडी बसवले आणि मध्ये अर्धपारदर्शक आरसा. दोन्ही चित्रं एकावर एक दिसतात आणि खरोखर खोली जाणवते. खेळ म्हणून तो मध्यमच आहे, पण आकृत्या एकमेकींवर छापता येत नाहीत ही अडचण ज्यांनी आरशानं सोडवली त्यांना आम्ही तरी हात जोडतो.

ब्रिटनमध्ये ग्रँडस्टँडनं विकलेला 'अ‍ॅस्ट्रो वॉर्स' इथे नुसता नोंदवतो. चांगला आहे, वेगवान आहे, वेगळं बोलण्यासारखं त्यात फार नाही.

निन्टेन्डोचं प्रकरण मात्र वेगळं. गुनपेई योकोई यांनी १९८० साली 'गेम अँड वॉच' काढलं ते कॅल्क्युलेटरचा स्वस्त एलसीडी पडदा वापरून. जुनं, स्वस्त, पक्कं झालेलं तंत्र घ्यायचं आणि भलत्याच कामाला लावायचं, ही त्यांची रीत. १९८३ साली त्यांनी टेबलावरचे खेळ काढले : 'डाँकी काँग ज्युनियर', 'मारिओज सिमेंट फॅक्टरी', 'स्नूपी', 'पोपाय'. पडदा रंगीत, पण त्याला स्वतःचा उजेड नाही. यंत्राच्या डोक्यावर एक पारदर्शक खिडकी आहे. खोलीतला प्रकाश तिच्यातून आत येतो, एलसीडीतून जातो, आणि चित्र आपल्याला आरशात दिसतं. म्हणजे कोलेकोचा खेळ दिवे घालवून खेळावा, आणि निन्टेन्डोचा खिडकीपाशी बसून. एक रात्रीचा, एक दुपारचा. हा फरक फोटोत दिसत नाही, लिलावाच्या यादीत दिसत नाही. खेळायला बसलं तरच कळतो.

इथून आपण संग्रहाकडे येतो, आणि इथे मामला अवघड होतो.

व्हीएफडी वापरानं झिजतो. आकृती जितका वेळ पेटते तितकी ती हळूहळू मंदावते. ज्या जास्त पेटतात, उदाहरणार्थ गुणांचे आकडे, त्या इतरांपेक्षा लवकर फिक्या होतात. म्हणजे खेळणं हे थोडं थोडं संपवणं आहे. ग्रामोफोनची तबकडीही वाजवून झिजते, पण तिच्यावरचं गाणं दुसरीकडे उतरवून ठेवता येतं. हा उजेड कशावर उतरवणार?

यावर बाजारानं काढलेला उपाय असा : न उघडलेला डबा अ‍ॅक्रिलिकच्या पेटीत कायमचा बंद करायचा, त्याला गुण द्यायचे, आणि गुणांवर भाव ठरवायचा. आम्हाला हे स्पष्टपणे चुकीचं वाटतं. त्या पेटीत खेळ नाही, खोका आहे. आत तारा तापतात की नाही, काचेत हवा शिरली की नाही, हेसुद्धा कोणाला ठाऊक नाही. आम्ही एका विक्रेत्याकडून 'अगदी नव्यासारखं' म्हणून एक यंत्र घेतलं होतं. बाहेरून चकचकीत. आत जुने सेल फुटून पत्र्यापर्यंत खारवलेले. अल्कलाइन सेलचा तो पांढरा क्षार व्हिनेगरच्या बोळ्यानं निघतो, पण खाल्लेला तांब्याचा पट्टा परत येत नाही. घेणाऱ्यांनी एवढं बघावं : पडद्याच्या काचेत कोपऱ्यात एक चंदेरी डाग असतो. तो चंदेरी असेल तर निर्वात शाबूत आहे. पांढरा पडला असेल तर हवा शिरली, आणि मग कोणी कितीही शपथा घेतल्या तरी तो पडदा पेटणार नाही.

दुसरा उपाय खूप मोलाचा आहे, पण त्याची किंमत ऐका. मेम नावाचा प्रकल्प जुने खेळ संगणकावर हुबेहूब चालवतो. या छोट्या यंत्रांचा प्रोग्रॅम चिपेत कारखान्यातच कोरलेला असतो, तो बाहेरून सहज वाचता येत नाही. म्हणून अशा चिपांचं कवच अ‍ॅसिडनं काढतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे फोटो घेतात. पडदाही सोडवून स्कॅन करतात आणि एकेक आकृती हातानं गिरवतात. म्हणजे खेळ वाचवायचा तर एखादं यंत्र मारावं लागतं. आणि ते यंत्र संग्राहकच देतो. आपल्या कपाटातलं एक कायमचं जाणार, आणि बदल्यात जगातल्या कोणालाही तो खेळ फुकट मिळणार : हे करायला जे तयार झाले त्यांना आम्ही पेटीबंद डबेवाल्यांच्या कितीतरी वर बसवतो.

मात्र मेमवरचा खेळ म्हणजे मूळ खेळ नव्हे, हेही बोलायला हवं. हिशेब तोच, वेग तोच. पण अंधारात काचेतून येणारा तो निळसर उजेड नाही, दांड्याचा तो कडकपणा नाही, शेजारच्याचं कोपर नाही. नाटकाची छापील संहिता हातात आली, एवढंच. संहिता जपायलाच हवी, पण प्रयोगही व्हायला हवेत. हल्ली बाजारात नवी छोटी आर्केड यंत्रं मिळतात, त्यांत साधा रंगीत एलसीडी आणि आर्केडचा मूळ खेळ ठिपका न ठिपका जसाच्या तसा. अचूक आहेत. आमचा जीव त्यांत रमत नाही, कारण त्यांत कोणाला काही टाकून द्यावं लागलेलं नाही.

तर आम्ही काय करतो? आमच्याकडे चालू यंत्रं थोडी आहेत. ती महिन्यातून एकदा काढतो, तासभर खेळतो, सेल काढून ठेवतो. सेल आत ठेवून कपाट बंद करायचं नाही, हा एकच कडक नियम. कोणी घरी आलं आणि खेळायचं म्हणालं तर नाही म्हणत नाही; लहान मुलं असली तर जास्तच खूश होतो, कारण ती पडद्याची तुलना कशाशी करत नाहीत, लगेच भांडायला लागतात. पडदे मंदावतायत, ते दिसतं. एकाचे गुणांचे आकडे आता दिवे घालवल्याशिवाय वाचता येत नाहीत.

आज दोन यंत्रं आणली आहेत. कोलेकोचा 'पॅक-मॅन' मागच्या खोलीत अंधारात मांडलाय, दोघा-दोघांनी आत जा. 'पोपाय' त्या खिडकीपाशी आहे, पण ऊन साडेपाचपर्यंतच असतं तिथे, तेव्हा आधी तो खेळून घ्या. प्रश्न नंतर घेऊ.