‘मानापमान’चा पहिला प्रयोग आणि रसिकांचे ऐकणे

१२ मार्च १९११ रोजी मुंबईस किर्लोस्कर नाटक मंडळीने खाडिलकरांच्या ‘मानापमान’चा पहिला प्रयोग केला. त्याच दिवशी बालगंधर्वांची तान्ही मुलगी वारली; तथापि प्रयोग पुढे न ढकलता ते भामिनीच्या भूमिकेत उभे राहिले, आणि प्रयोग गाजला. रसिकांच्या तोंडी हा प्रसंग बहुधा धैर्याची कथा म्हणून येतो. गाण्याविषयी त्या कथेत फारसे काही नसते.

वस्तुतः भामिनी ही करुण नायिका नव्हे. गरीब धैर्यधराला तुच्छ लेखणारी ही मानी श्रीमंत कन्या पुढे वनमालेच्या वेषात त्याची परीक्षा पाहते. गोविंदराव टेंबे यांच्या पुष्कळ चालीही ठुमरीच्या लडिवाळ वळणाच्या आहेत. मग शोक ऐकू येतो तो कोठून? आर्थी व्यंजनेची कारणे सांगताना मम्मटाने वक्त्याचे वैशिष्ट्य प्रथम घातले आहे. येथे वक्ता भामिनी आहे. रसिक मात्र तिच्या जागी नारायणराव राजहंस यांना बसवितो. ही सहानुभूती खरी असली, तरी गायकावर ती अन्यायच करते.

नाशिकचा अनुभव याच्या उलट. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात याच मंडळीच्या ‘शारदा’च्या प्रयोगप्रसंगी कलेक्टर जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. ते प्रेक्षकांतच घडले. त्यापुढे नाटक उरलेच नाही. मुंबईत दुःख पडद्याआड होते, आणि ते तेथेच राहावे यासाठी नटाने आपली सारी कला वेचली. प्रशंसक ते आजही रंगमंचावर ओढून आणतात.