लळा आणि सुख : दोन मराठी पुस्तकांच्या निमित्ताने

बालपणी ज्याला आईची माया मिळाली त्याचे पुढील आयुष्य सुखाचे जाते, आणि ज्याला ती मिळाली नाही तो जन्मभर दुःखी राहतो, असा एक समज आपल्या सुशिक्षित कुटुंबांत दृढ होऊन बसला आहे. आपल्या वाडवडिलांना तो श्रद्धेच्या रूपाने ठाऊक होता. आता तो शास्त्राचे वस्त्र पांघरून आला आहे. बालसंगोपनावरील एखादे पुस्तक हाती घ्यावे, तो पहिल्या दोन वर्षांत जे घडते तेच जन्माचे भवितव्य ठरविते, असे ठाम विधान त्यात कोठे ना कोठे आढळतेच. ह्या विधानाने नोकरीस जाणाऱ्या आईच्या मनाला अपराधाची बोच लावून दिली आहे; आणि ज्यांचे बालपण कष्टात गेले अशा प्रौढ माणसांच्या मनात, आपला पायाच कच्चा राहिला, अशी निराशा उत्पन्न केली आहे. तेव्हा हा समज खरा आहे काय, आणि असल्यास किती अंशाने, हे तपासणे निव्वळ पंडिती कुतूहलाचे काम नव्हे.

हा विचार करण्यास आपल्या भाषेत दोन पुस्तके फार सोयीची आहेत. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली व ती १९३५ साली प्रसिद्ध झाली. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’चा पहिला भाग १९३४ साली बाहेर पडला. दोन्ही लेखकांनी प्रौढपणी आपल्या बालपणाकडे वळून पाहिले आहे. एकाच्या बालपणात मायेचा पूर आहे. दुसरीच्या बालपणावर वडिलांच्या विक्षिप्त धाकाची सावली आहे. पण ही पुस्तके व त्यांच्या कर्त्यांची आयुष्ये शेजारी शेजारी ठेवली, की वरील समजाला दोन्ही बाजूंनी धक्का बसतो.

परंतु त्यापूर्वी शास्त्राचे मूळ म्हणणे काय आहे, ते पाहिले पाहिजे. ह्या विचाराचे जनक जॉन बोल्बी हे इंग्रज मानसोपचारतज्ज्ञ होत. त्यांचा जन्म १९०७ साली लंडनच्या एका वरिष्ठ वर्गातील घराण्यात झाला. त्या वर्गाच्या रिवाजाप्रमाणे त्यांचे संगोपन दाईच्या हाती होते. त्यांची आवडती दाई ते चार वर्षांचे असतानाच घर सोडून गेली. पुढे त्यांनी चोरी करणाऱ्या ४४ मुलांचा अभ्यास १९४४ साली प्रसिद्ध केला. युद्धाने निराधार झालेल्या मुलांसंबंधीचा त्यांचा अहवाल जागतिक आरोग्य संघटनेने १९५१ साली काढला; आणि १९६९, १९७३ व १९८० ह्या साली तीन खंडांत त्यांनी आपला सिद्धान्त मांडला. मूल आईस बिलगते ते केवळ दुधासाठी नव्हे. भयाच्या वेळी कोणा एका ओळखीच्या माणसाजवळ जाण्याची ओढ ही भुकेइतकीच स्वतंत्र व उपजत गरज आहे, असे त्या सिद्धान्ताचे सार आहे. आपल्याकडे ह्या ओढीला ‘लळा’ असा गोड आणि नेमका शब्द आहे. तोच येथे योजतो.

लळ्याची परीक्षा कशी करावी, हे बोल्बींच्या सहकारी मेरी एन्सवर्थ ह्यांनी दाखविले. त्यांनी १९५४–५५ साली युगांडातील खेड्यांत, व नंतर अमेरिकेतील बाल्टिमोर येथील २६ कुटुंबांत, मायलेकरांचे बारकाईने निरीक्षण केले. वर्षाच्या सुमाराचे मूल एका अनोळखी खोलीत आईसह आणावयाचे. थोड्या वेळाने आईने बाहेर जावयाचे व काही मिनिटांनी परत यावयाचे, असा त्यांचा प्रयोग आहे. आई गेल्यावर जे मूल सर्वांत मोठ्याने रडेल त्याला लळा अधिक, असे कोणासही वाटेल. परंतु एन्सवर्थ ह्यांनी आपले लक्ष आई परत येण्याच्या क्षणावर ठेविले. आई दिसताच जे मूल तिच्याकडे धावते, शांत होते आणि पुन्हा खेळण्यांकडे वळते, त्याचा लळा निःशंक. जे तोंड फिरविते, किंवा कडेवर बसूनही धुमसत राहते, त्याच्या लळ्यात शंकेचा काटा आहे. म्हणजे आईची मांडी ही मुलाने तेथेच बसून राहावे म्हणून नसते. तेथून उठून जगात जाता यावे म्हणून असते. मायेची थोरवी गाणाऱ्या आपल्या लेखनात ही दुसरी अर्धी गोष्ट पुष्कळदा विसरली जाते.

‘श्यामची आई’ ह्या पुस्तकात मात्र ती विसरलेली नाही. ह्या पुस्तकाच्या ४२ रात्रींतून श्याम आश्रमातील सोबत्यांना आपल्या आईच्या आठवणी सांगतो. त्यांतील पोहण्याचा प्रसंग वाचकांस आठवत असेलच. पाण्यास भिऊन श्याम लपून बसतो, आणि एरव्ही मायेची मूर्ती असलेली ही आई त्याला शोधून, मारून विहिरीकडे पिटाळते. मागाहून तीच आपला हेतू त्याला समजावून सांगते. त्या माराचे समर्थन आज कोणी करणार नाही, व करूही नये. पण त्या प्रसंगातील ओढ पाहण्याजोगी आहे : मुलाने आपल्याला बिलगून भित्रे राहावे, हे त्या माउलीला सोसवत नाही. हे पुस्तक केवळ मातृपूजेचे स्तोत्र मानणाऱ्यांनी हा प्रसंग पुन्हा वाचावा.

आता अडचण येते ती येथेच. लळ्याच्या दृष्टीने श्यामचे बालपण संपन्न होते, ह्यात संशय नाही. समज खरा असता तर त्याच्या कर्त्याचे उत्तरायुष्य समाधानाचे व्हावयास हवे होते. साने गुरुजींचे जीवन थोर झाले. पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरात अस्पृश्य मानलेल्या बांधवांना प्रवेश मिळावा म्हणून १९४७ साली त्यांनी प्राण पणास लावले, आणि १९४८ साली ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. परंतु ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच आपली जीवनयात्रा संपविली. एवढ्या मायेत वाढलेला पुरुष, आणि त्याचा असा शेवट! पुस्तकावरून माणसाच्या मृत्यूचे निदान करू पाहणे हा उद्धटपणा होईल, आणि तो आम्ही करणार नाही. एवढेच म्हणतो की, बालपणची माया ही पुढील सुखाची हमी आहे असे ज्यांना वाटते, त्यांना ह्या आयुष्यापाशी थांबावे लागेल.

मग त्या मायेतून साने गुरुजींना काय मिळाले? आमच्या मते उत्तर स्पष्ट आहे : प्रेम करण्याचे सामर्थ्य. परक्याच्या दुःखाने व्याकूळ होणे, मुलांशी मुलांसारखे होणे, कैद्यांना व विद्यार्थ्यांना आपलेसे करणे, हे त्यांना साधले. सुख ही निराळी वस्तू आहे. ती प्रौढ वयातील परिस्थितीवर, प्रकृतीवर, काळाच्या घावांवर आणि आपल्याला आधार देणारे कोणी जवळ आहे की नाही, ह्यावरही अवलंबून असते. विशेष हे की, अलीकडच्या शास्त्राचा निष्कर्षही ह्याच दिशेचा आहे. २०१० ते २०१४ ह्या वर्षांत, पूर्वी झालेल्या अनेक पाहण्या एकत्र करून त्यांचा हिशेब मांडण्यात आला. लहानपणचा निःशंक लळा आणि पुढे सवंगडी जोडण्याची हातोटी ह्यांचा संबंध बऱ्यापैकी आढळला. परंतु लळा आणि खिन्नता किंवा चिंता ह्यांचा संबंध त्याहून पुष्कळच क्षीण निघाला. लळा माणसांत मिसळण्यास शिकवितो. दुःख होऊ नये अशी तजवीज तो करीत नाही.

आता ‘स्मृतिचित्रां’कडे वळू. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा. सत्तावन सालच्या बंडानंतर त्यांच्या आप्तांत एकाला फाशी झाली. त्या धक्क्यानंतर वडिलांना सोवळ्याओवळ्याचे जे वेड लागले ते अखेरपर्यंत सुटले नाही. बाजारातून आलेले जिन्नस धुवावयाचे, माणसे धुवावयाची, आणि साऱ्या घराने त्या धाकात वावरावयाचे! अशा घरातून ही मुलगी अकराबारा वर्षांची असताना नारायण वामन टिळकांच्या घरी आली. नवरा बुद्धीने तेजस्वी, मनाने उदार, पण स्वभावाने असा की, केव्हा घर सोडून निघून जाईल ह्याचा नेम नाही. १८९५ साली टिळक ख्रिस्ती झाले आणि काही वर्षे पतिपत्नींची ताटातूट झाली. अपत्यांचे मृत्यूही बाईंनी पाहिले. पहिल्या समजाप्रमाणे अशा बाईने मोडून जावयास हवे होते. प्रत्यक्षात, ज्यांना धड शाळा लाभली नाही अशा ह्या बाईंनी पतीच्या पश्चात त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ ६४ अध्याय रचून पुरे केले, आणि मराठीतील सर्वांत प्रसन्न आत्मचरित्र लिहिले.

ही प्रसन्नता कोठून आली? एक उत्तर पुस्तकातच विखुरलेले आहे. आईबापांकडून जे पुरते मिळाले नाही ते बहीण भिकूताई आणि इतर आप्तेष्ट ह्यांच्याकडून थोडेथोडे मिळत गेले. पण दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे, व ते पुस्तकाच्या शैलीत आहे. कॅलिफोर्नियातील मेरी मेन ह्या विदुषीने १९८५ च्या सुमारास आईबापांच्या मुलाखती घेऊन त्यांना त्यांच्याच बालपणाविषयी विचारले. बालपण गोड होते की कडू, ह्याहून ते कसे सांगितले जाते ह्याला तिने अधिक वजन दिले. ज्यांचे कथन सुसंगत होते, ज्यांनी दुःखावर पांघरूण घातले नाही आणि जुन्या रागात ते वाहूनही गेले नाहीत, त्यांच्या मुलांचा लळा बहुधा निःशंक आढळला. मग त्यांचे स्वतःचे बालपण कष्टाचे असो वा सुखाचे. बालपणी न मिळालेली निश्चिंतता पुढे कमावता येते, असा ह्याचा अर्थ आहे.

‘स्मृतिचित्रे’ ह्या कसोटीस लावून पाहावी. वडिलांचे वेड बाई झाकीत नाहीत. त्या धाकात घरच्यांची काय गत झाली तेही सांगतात. पण त्या वडिलांना गुन्हेगार म्हणून उभे करीत नाहीत. त्यांच्या हसण्याला धार आहे, विष नाही. भोगलेले दुःख हातभर अंतरावर धरून त्याकडे पाहण्याची ही कला अलंकारशास्त्राने शिकविता येत नाही; ती जगण्यातून येते. म्हणून आम्ही म्हणतो, ‘स्मृतिचित्रां’ची शैली हीच बाईंच्या मनःस्वास्थ्याची साक्ष आहे. उलट ‘श्यामची आई’ घ्या. आईचा मोठेपणा तेथे पोकळ विशेषणांनी सांगितलेला नाही. प्रत्येक रात्रीला एक खराखुरा प्रसंग आहे, आणि हेच त्या पुस्तकाचे बळ. पण सांगणारा प्रौढ श्याम आईशी कधी वाद घालीत नाही, तिच्याकडे पाहून कधी गालात हसत नाही, तो रडतो. आईच्या अंतकाळी तो जवळ नव्हता, ही खंत शेवटच्या प्रकरणांवर दाटून राहिली आहे. वाङ्मयदृष्ट्या ह्या अश्रूंनी पुस्तकाला हृदय दिले, आणि अंतर मात्र हिरावून घेतले.

येथे एक आक्षेप संभवतो. दोन पुस्तकांवरून सिद्धान्त कसा मोडावा? तो मोडावा असे आमचे म्हणणे नाहीच. लळा क्षुल्लक आहे असा निष्कर्ष कोणी काढील, तर त्याने रुमानियाकडे पाहावे. बुखारेस्ट येथील अनाथगृहांतील १३६ मुलांचा एक अभ्यास २००० सालापासून सुरू झाला. चिठ्ठ्या टाकाव्या त्याप्रमाणे निवडून निम्मी मुले पालक कुटुंबांत ठेवण्यात आली. उरलेल्यांचा नेहमीचाच क्रम चालू राहिला. कुटुंबात गेलेली मुले पुष्कळ सावरली, आणि दोन वर्षांच्या आत गेलेली अधिक सावरली. ज्या मुलाला ओळखीचा एकही हात मिळत नाही, त्याचे नुकसान खरे व खोल असते. मात्र तो हात नसणे निराळे, आणि आई दिवसाचे काही तास कामावर असणे निराळे. आजी, बाप, मावशी, चांगली सांभाळणारी बाई, ह्यांचाही लळा लागतो. आणि एकाला लागल्याने दुसऱ्याचा उणावत नाही.

शेवटी ‘श्यामची आई’तीलच एक गोष्ट वाचकांच्या ध्यानी आणून देतो, कारण तिच्याकडे सहसा दुर्लक्ष होते. ही आई कर्जाने गांजलेली आहे. सावकाराचा माणूस दारात येऊन तिचा अपमान करितो; आजारात तिला पुरता विसावा मिळत नाही, आणि ती अकाली मरते. पुस्तकाने आपल्याला तिच्या मायेची पूजा करावयास शिकविले. त्या मायेला काय किंमत मोजावी लागली, हा हिशेब वाचक मिटवून टाकतात. बोल्बींच्या १९५१ सालच्या अहवालाचेही असेच झाले. त्यातून आईने घर सोडू नये एवढेच लोकांनी उचलले; कुटुंबाला पैशाचा व समाजाचा आधार मिळाल्याखेरीज आईबाप मुलांना काही देऊ शकत नाहीत, हे त्यातील म्हणणे मागे पडले. तेव्हा मुलांच्या हिताची ज्यांना कळकळ आहे त्यांनी आईला उपदेश करण्यापूर्वी तिच्या डोक्यावरील ओझे पाहावे. आणि ज्यांचे बालपण रिते गेले त्यांनी निराश न होता ‘स्मृतिचित्रे’ उघडावी. जे मिळाले नाही ते मिळाले नाही, असे स्वच्छ सांगून पुढे हसत चालता येते, ह्याचा पुरावा तेथे पानोपानी आहे.